घरच्या वेल्डिंगला आधी वायर आणि अर्थिंग, यंत्र शेवटी



गेल्या काही हंगामांपासून आपल्या कार्यक्षेत्रात एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. वस्तीवर गोठ्याशेजारी पत्र्याचे लहानसे शेड उभे राहते. त्यात एक व्हाइस, एक ग्राइंडर आणि एक वेल्डिंगचे यंत्र येते. घरातला आयटीआय झालेला मुलगा, नाहीतर नुसता पाहून शिकलेला पुतण्या, नांगराचा फाळ, ट्रॉलीचा फाळका, गेटाची बिजागरी घरच्या घरी जोडू लागतो.

ऊस विकास अधिकाऱ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण उसाशीच आहे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला तर वजनही राहते आणि उताराही राहतो. भरलेल्या ट्रॉलीचा फाळका ऐन हंगामात निखळला आणि तालुक्याच्या वर्कशॉपला दोन दिवस नंबर लागला नाही, तर नुकसान सभासदाचे होते आणि कारखान्याचेही होते. म्हणून गटसभांतून आम्हीच सांगत आलो की, चार वस्त्यांत मिळून एक तरी वेल्डिंगचे यंत्र असावे. हे सांगणे चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. यंत्र घ्या एवढे आम्ही सांगितले, ते कशावर आणि कसे चालवा हे सांगितले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

एका वस्तीवरची गोष्ट

मागच्या हंगामाच्या तोंडावर आम्ही आपल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या प्लॉटवर ऊस पाहण्यासाठी गेलो होतो. त्यांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. विहिरीजवळ मोटरीची पेटी, पलीकडे बैलांचा गोठा, आणि मधल्या जागेत मुलाने नुकतेच टाकलेले वेल्डिंगचे शेड. पेटीत मोटरीसाठी तीन फेज आलेले होते, न्यूट्रल आलेला नव्हता. शेडमधला बल्ब एका फेजवर आणि जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पाइपावर चालला होता. अशी सोय शेकडो ठिकाणी आहे, आपणही पाहिली असेल. आम्ही तो बल्ब पाहिला, पाइपाला बांधलेली तार पाहिली, "छान चाललंय की तात्या" म्हटले, चहा घेतला आणि निघालो.

दोन दिवसांनी मुलाने त्याच फेजवर आणि त्याच पाइपावर नवे यंत्र लावले. रॉड धरेना. तो म्हणाला, "बल्ब लागतोय की, मग मशिन का चालंना?" कोणीतरी सल्ला दिला की अर्थिंग सुकले आहे, मिठाचे पाणी ओत. त्याने दोन बादल्या ओतल्या. यंत्र थोडे बरे चालले. पाणी उताराने गोठ्याकडे गेले आणि तिथे बांधलेला एक बैल जागेवर कोसळला. दुसऱ्याला सोडवायला तात्या धावत होते, पण मुलाने तेवढ्यात पेटीचा खटका पाडला, म्हणून पुढचे टळले. फ्यूज उडाला नव्हता.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तात्या आम्हाला काही बोलले नाहीत. मुलगा एवढेच म्हणाला, "सायेब, तुम्ही परवा बघितलं होतं की." त्याला उत्तर आमच्यापाशी नव्हते.

बल्ब चालतो, यंत्र का चालत नाही

याचे गणित सोपे आहे आणि प्रत्येकाने ते एकदा समजून घ्यावे. जमिनीत ठोकलेल्या पाइपाचा मातीशी जो संबंध असतो त्यालाही विरोध असतो, म्हणजे रेझिस्टन्स. तो १० ओहम धरू. साठ वॅटचा बल्ब पाव अँपिअर करंट घेतो. १० ओहमला पाव अँपिअर, म्हणजे अडीच व्होल्ट पाइपावर जातात. बल्बालाही कळत नाही आणि माणसालाही कळत नाही. वेल्डिंगचे यंत्र २० अँपिअर मागते. १० ओहमला २० अँपिअर म्हणजे २०० व्होल्ट! २३० पैकी २०० व्होल्ट पाइपात आणि मातीत, यंत्राला उरले ३०. यंत्र चालणार कसे? ते अडखळत थोडे चालते तेव्हाही पाइपावर आणि भोवतालच्या ओल्या मातीत शंभराच्या वर व्होल्ट असतात. जमिनीचा विरोधच करंट अडवून धरतो, म्हणून फ्यूजही उडत नाही.

मिठाचे पाणी ओतले की विरोध कमी होतो, करंट वाढतो आणि ओल जिथवर जाईल तिथवर धोका पसरतो. माणसाच्या दोन पावलांत हातभर अंतर, तर बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याच्या तिप्पट. जितके अंतर जास्त तितके दोन टोकांतले व्होल्टेज जास्त, आणि जनावराच्या बाबतीत तो करंट छातीतून जातो. म्हणून अशा ठिकाणी जनावर आधी जाते.

पहिला नियम हा झाला: अर्थिंगचा उपयोग न्यूट्रल म्हणून कधीही करू नये. वेल्डिंगसाठी नको, आणि बल्बासाठीही नको, कारण आज बल्ब लावलेल्या जागी उद्या कोणीतरी यंत्र लावतो.

कोणत्या जोडणीवर चालवावे

यंत्राची चौकशी करण्याआधी हातात घरचे वीजबिल घ्यावे. जुने सभासद अजूनही बोर्डाचे बिल म्हणतात. बोर्डाचे विभाजन २००५ साली झाले आणि आपल्याकडे वितरणाचे काम महावितरणकडे आले. बिलावर जोडणीचा वर्ग आणि मंजूर भार छापलेला असतो. या दोन्ही गोष्टी वाचाव्यात.

शेतीपंपाची जोडणी ही पंपासाठी असते. तिच्यावर वेल्डिंग करणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. मंजूर कामाखेरीज दुसऱ्या कामासाठी वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर किती दिवस चालला हे ठरवता आले नाही तर तपासणीच्या आधीच्या १२ महिन्यांची होते. तारेवर आकडा टाकणे ही तर कलम १३५ खाली चोरीच आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज ठराविक तासच असते. रात्री दोन वाजता वेल्डिंग कोण करणार?

घरच्या जोडणीवर घरची किरकोळ दुरुस्ती करता येते, पण मंजूर भार तेवढा असला पाहिजे. एक किलोवॅट मंजूर असताना तीन-साडेतीन किलोवॅटचे यंत्र लावू नये. आधी भार वाढवून घ्यावा. गावातल्या लोकांची कामे पैसे घेऊन करायची असतील तर तो व्यवसाय झाला. त्यासाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी आणि ती कोणत्या वर्गात बसते हे उपविभागीय कार्यालयात विचारून घ्यावे. मुलाला पुढे हाच धंदा करायचा असेल तर सुरुवात सरळ कागदावर झालेली बरी.

यंत्र किती करंट ओढते

वेल्डिंगचा करंट रॉडच्या जाडीवर ठरतो. दुकानात नंबराने मिळणारे रॉड साधारण असे चालतात:

१२ नंबर (अडीच मि.मी.): ६० ते ९० अँपिअर.
१० नंबर (३.१५ मि.मी.): ९० ते १३० अँपिअर.
८ नंबर (४ मि.मी.): १४० ते १९० अँपिअर.

शेतीच्या बहुतेक कामाला १० नंबरचा रॉड आणि ११० अँपिअर पुरतात. पत्रा आणि पातळ अँगल असेल तर १२ नंबर. ८ नंबरची गरज घरच्या शेडमध्ये क्वचितच पडते.

हा करंट रॉडच्या टोकाला असतो. वीजवाहिनीतून तेवढा येत नाही. तो किती येतो हे यंत्राच्या जातीवर आहे. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मर यंत्रात रॉडच्या बाजूला काम सुरू नसताना ७५ व्होल्टच्या आसपास असतात. ११० ला ७५ ने गुणून २३० ने भागले की ३६ अँपिअर येतात. एवढा करंट घरच्या सिंगल फेजला पेलवत नाही. तेच यंत्र दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टवर चालणारे असेल तर २० अँपिअर घेते, पण त्याला थ्री फेज जोडणी हवी.

इन्व्हर्टर यंत्र याच कामाला सिंगल फेजवर २० अँपिअरच्या आसपास घेते. वजन आठ-दहा किलो, खांद्याला अडकवून नेता येते. म्हणून घरच्या जोडणीवर इन्व्हर्टर यंत्रच घ्यावे असे आमचे मत आहे. ट्रान्सफॉर्मर यंत्र दणकट असते, धूळ आणि हेळसांड सोसते, यात शंका नाही. ज्यांच्याकडे व्यवसायाची थ्री फेज जोडणी आहे त्यांनी ते खुशाल घ्यावे.

वायरीचे अंतर आणि जाडी

मीटर घराच्या भिंतीवर आणि शेड साठ मीटरवर, अशी आपल्याकडची साधारण मांडणी. मुलगा दुकानात जातो आणि घरातल्या प्लगला असते तीच अडीच चौरस मि.मी.ची वायर घेऊन येतो. ती तांब्याची असली तरी जाऊन-येऊन १२० मीटरला तिचा विरोध सुमारे ०.९ ओहम होतो. २० अँपिअरला १८ व्होल्ट वाटेतच जातात. संध्याकाळी वस्तीवर मुळात १९० व्होल्ट येत असतील तर शेडमध्ये १७२ पोहोचतात. रॉड चिकटतो, यंत्र बंद पडते आणि दोष यंत्राला दिला जातो.

त्याच वायरीवर ट्रान्सफॉर्मर यंत्र लावून ३६ अँपिअर ओढले तर ३२ व्होल्ट जातात, आणि वायरीत हजार वॅटच्या वर उष्णता तयार होते. पाणी तापवायची एक शेगडी त्या वायरीत पसरून ठेवली आहे असे समजा. ती वायर गोठ्याच्या आढ्यावरून, कडब्याच्या गंजीला लागून गेली असेल तर काय होईल हे सांगायला नको.

साठ मीटरला तांब्याची सहा चौरस मि.मी. वायर टाकली तर २० अँपिअरला साडेसात व्होल्टच जातात. सांगण्याचा अर्थ असा की, अडीचच्या जागी सहाची वायर टाकण्याचा खर्च यंत्राच्या खर्चात आधीच धरावा. तो परवडत नसेल तर शेड मीटरजवळ बांधावे. अ‍ॅल्युमिनियमची वायर घ्यायची तर तांब्यापेक्षा जवळपास दीडपट जाड घ्यावी लागते आणि तिचे सांधे ढिले पडतात, त्यामुळे वर्षाकाठी तपासावे लागतात. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही बाजारात येते. वायरीचे टोक चाकूने खरवडून आत पांढरे दिसते का ते पाहावे. आयएसआय मार्क पाहिल्याशिवाय वायर घेऊ नये.

आपल्या शेडला वीज किती पेलते हे वायरमनशिवायही ताडून पाहता येते. शेडमधल्या प्लगवर मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. मग तिथेच दीड हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड पाण्यात ठेवून चालू करावा आणि पुन्हा व्होल्टेज पाहावे. हा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. त्याने ५ व्होल्ट पडले तर यंत्राने त्याच्या तिप्पट, म्हणजे १५ व्होल्ट पडतील. रॉडने १५ व्होल्ट पडत असतील तर यंत्र आणू नका, आधी वायर बदला. (रॉड चालू असताना बादलीला आणि पाण्याला हात लावू नये.) ही चाचणी सकाळी एकदा आणि संध्याकाळी दिवेलागणीला एकदा करावी. मीटरजवळच व्होल्टेज एवढे पडत असेल तर दोष आपल्या वायरीत नाही, डीपीवर भार जास्त आहे किंवा सर्व्हिस वायरचा सांधा ढिला आहे. त्याची लेखी तक्रार द्यावी.

फ्यूज, एमसीबी आणि प्लग

किटकॅट फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे, ही आपल्या भागातली फार जुनी खोड आहे. फ्यूज असो वा एमसीबी, तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायरीला जेवढे पेलते त्याहून मोठा एमसीबी बसवला की राखणदार झोपला. सहा चौरस मि.मी.च्या तांब्याच्या वायरीला ३२ अँपिअरच्या वर एमसीबी नको. एमसीबीवर अंकाआधी एक अक्षर असते. इन्व्हर्टर यंत्राला सी जातीचा चालतो. ट्रान्सफॉर्मर यंत्र सुरू होताना क्षणभर मोठा झटका घेते, त्याला डी जातीचा लागतो.

एमसीबीच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावाच. करंट गळून जमिनीत जाऊ लागला की तो डोळ्याची पापणी लवण्याआधी वीज तोडतो. दर महिन्याला त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे. तात्यांच्या मोटरीच्या पेटीत आरसीसीबी असता तर फेज आणि पाइप ही जोडणी त्याने एक क्षणही चालू दिली नसती.

घरातल्या सोळा अँपिअरच्या तीन पिन प्लगवर हे यंत्र लावू नये. पिना तापतात, प्लग वितळतो. ३२ अँपिअरचा निळा गोल औद्योगिक प्लग आणि सॉकेट बसवावे. थ्री फेजचा असतो तो लाल. शेडच्या दारात, पळत बाहेर पडताना हात पुरेल अशा ठिकाणी, मेन स्विच असावा.

दोन "अर्थ", त्यांची गल्लत नको

आपल्याकडे यंत्राच्या दोन वेगळ्या गोष्टींना अर्थच म्हणतात, त्यातून बरेच घोटाळे होतात.

एक अर्थ म्हणजे यंत्राच्या पत्र्याला जोडलेली हिरवी वायर. यंत्राच्या आत फेज सुटून पत्र्याला लागला तर करंट या वायरीने निघून जावा आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडावा, यासाठी ती असते. कामाचा करंट तिच्यातून कधीच जाता कामा नये. तिच्यासाठी शेडजवळ खरे अर्थिंग करावे. अडीच मीटर लांब, ४० मि.मी.चा जीआय पाइप उभा गाडावा, भोवती कोळसा आणि मीठ भरावे, वर पाणी ओतायला नरसाळे आणि झाकण ठेवावे. गोठ्यापासून, पाण्याच्या हाळापासून आणि चालायच्या वाटेपासून ते दूर असावे. बोअरचा केसिंग पाइप किंवा नळाचा पाइप अर्थिंग म्हणून वापरू नये.

दुसरा अर्थ म्हणजे यंत्रातून निघणारी जाड केबल, जिचा चिमटा आपण कामाला लावतो. ही परतीची केबल. ती जमिनीला, शेडच्या खांबाला किंवा अर्थिंगच्या पाइपाला लावू नये. जो तुकडा जोडायचा त्यालाच, जोडाच्या अगदी जवळ, गंज घासून लावावी. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला जोड द्यायचा आणि चिमटा पुढच्या हुकाला लावायचा, असे केले तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खराब होते. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीच्या वायरी आणि अल्टरनेटरची जोडणी आधी सोडवावी.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आरसीसीबी बसवला म्हणून रॉडच्या बाजूचा शॉक तो थांबवत नाही. यंत्रातला रॉडकडचा भाग विजेच्या मुख्य बाजूपासून वेगळा असतो, त्यामुळे तिथला शॉक आरसीसीबीला दिसत नाही. काम थांबलेले असताना होल्डरवर ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते अनेकदा फारसे जाणवत नाहीत. पण अंग घामाने भिजलेले, पायात काही नाही, बसायला ओली जमीन किंवा लोखंडी ट्रॉली, अशा स्थितीत तेवढे व्होल्ट जीव घ्यायला पुरतात. म्हणून कोरडे चामड्याचे हातमोजे, रबरी तळाचे बूट, आणि बसायला कोरडी फळी. उघड्या हाताने रॉड बदलू नये. होल्डर काखेत धरू नये. पावसात, भिजलेल्या कपड्यात काम बंद.

यंत्र घेताना

वरचे सगळे झाल्यावर यंत्राच्या दुकानात जावे. तिथे किती अँपिअरचे, एवढेच विचारून थांबू नये. ड्यूटी सायकल विचारावी. २०० अँपिअरला ६० टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. असे यंत्र ११० अँपिअरवर दिवसभर चालते. वर २०० छापलेले पण ड्यूटी सायकल कुठेच न लिहिलेले यंत्र घेऊ नये. किती कमी व्होल्टेजपर्यंत चालते हेही विचारावे आणि ते पाटीवर दाखवायला सांगावे. काम थांबताच होल्डरचे व्होल्ट आपोआप कमी करणारी सोय काही यंत्रांत असते. ती मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत.

होल्डरची आणि परतीची केबल रबरी वेष्टनाची, तांब्याची, २५ चौरस मि.मी. घ्यावी. डोळ्यांसाठी दहा किंवा अकरा नंबरची काच असलेला, तोंड झाकणारा मुखवटा घ्यावा. नुसता काळा चष्मा चालत नाही. शेजारी उभ्या पोराबाळांचे डोळेही त्या उजेडाने सुजतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, मग कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवतो, कोणी दूध घालतो. असे काही डोळ्यात घालू नये, डॉक्टरला दाखवावे.

काय जोडू नये

डिझेलची टाकी, औषधाचा किंवा तेलाचा पिंप, कितीही रिकामा आणि धुतलेला दिसला तरी जोडू नये. आत राहिलेली वाफ पेट घेऊन पिंप फुटतो. जीआय पाइप आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडताना पांढरा धूर निघतो, त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. मुलामा घासून काढावा आणि उघड्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून काम करावे. गूळ खाल्ल्याने तो धूर उतरत नाही.

ट्रॉलीचा हूक, ड्रॉबार आणि अ‍ॅक्सल घरी जोडू नयेत. भरलेली ट्रॉली रस्त्यावर सुटली तर मागून येणाऱ्या माणसाचा काय दोष? ही कामे जाणत्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावीत.

ठिणगी दहा मीटरपर्यंत जाते. तेवढ्या अंतरात पाचट, कडबा, भुसा, गोणपाट नको. पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले जवळ ठेवावे. काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथेच थांबावे, कारण पाचटातली ठिणगी आधी धुमसते आणि आपण जेवायला बसल्यावर पेट घेते. उभ्या उसाच्या बांधावर वेल्डिंग करूच नये.

क्रम लक्षात ठेवावा

आधी बिल आणि मंजूर भार. मग रॉड पाण्यात ठेवून व्होल्टेजची चाचणी. मग वायर. मग एमसीबी, आरसीसीबी आणि प्लग. मग अर्थिंग. मग हातमोजे, बूट, मुखवटा. सगळ्यात शेवटी यंत्र. वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याला हा लेख दाखवायला संकोच करू नये. आपल्याकडे बहुतेक जण याच्या नेमके उलटे जातात. यंत्र आधी येते, आणि बाकीचे पुढच्या बिलावर म्हणून राहून जाते.

तात्यांनी या वर्षी शेड विहिरीवरून हलवून घराजवळ, मीटरपासून पंधरा मीटरवर बांधले आहे. मुलाने भार वाढवून घेतला, सहाची वायर टाकली, अर्थिंग केले. विहिरीवरचा बल्ब आणि तो पाइप काढून टाकला. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा तो शेजाऱ्याच्या ट्रॉलीचा फाळका जोडत होता आणि हातात मोजे होते. गोठ्यात मात्र अजून एकच बैल आहे. जोडी जमवायला तात्यांना या हंगामाचे बिल यावे लागेल.

आता प्लॉट पाहायला आम्ही येऊ तेव्हा उसाबरोबर मोटरीची पेटीही पाहू. फेज आणि पाइपावर चाललेला बल्ब दिसला तर चहा घेण्याआधी तो बंद करायला सांगू. राग मानू नये. ज्यांच्याकडे अशी जोडणी आहे त्यांनी आमची वाट न पाहता आजच ती काढावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी